विश्वास ठरतो केसपेपरच्या खिडकीवर

लालबागच्या नाक्यावरून परळच्या आचार्य दोंदे मार्गाकडे निघालेला माणूस मुंबईच्या सार्वजनिक जीवनातल्या जवळपास प्रत्येक संस्थेवरून जातो. गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर, कामगार संघटनांच्या जुन्या पाट्या, पोलीस चौकी, राजकीय पक्षांच्या शाखा, सार्वजनिक गणेशोत्सव मंडळे हे सगळे वाटेत लागते. पुढे एकमेकांना खेटून उभी असलेली केईएम, वाडिया, टाटा ही रुग्णालये येतात आणि प्लेगच्या लशीने नावारूपाला आलेली हाफकिन संस्था येते. विज्ञानावर लोकांचा विश्वास किती आणि इतर संस्थांच्या तुलनेत तो कुठे उभा आहे, हा प्रश्न हल्ली वारंवार चर्चेत येतो. बहुतेक वेळा त्याचे उत्तर सर्वेक्षणाच्या आकड्यांत शोधले जाते. माझे म्हणणे असे की याचे खरे उत्तर या अर्ध्या तासाच्या वाटेवर आणि तिच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात आहे. विज्ञान लोकांच्या दारात कधी एकटे येत नाही. ते कुठल्या ना कुठल्या संस्थेचा हात धरून येते, आणि लोक आधी तो हात पाहतात.

सुरुवात आकड्यांपासूनच करू. अमेरिकेत १९७२ पासून ‘जनरल सोशल सर्व्हे’ नावाची पाहणी होते. निरनिराळ्या संस्थांची धुरा वाहणाऱ्यांवर तुमचा कितपत भरवसा आहे, असे तीत विचारले जाते. त्या काळात तिथल्या संसदेवरचा, वृत्तपत्रांवरचा, धर्मसंस्थांवरचा विश्वास घसरत गेला. वैज्ञानिकांवर ‘खूप विश्वास आहे’ म्हणणारे मात्र साधारण चाळीस टक्क्यांच्या आसपास टिकून राहिले. वेलकम न्यासाने २०१८ मध्ये १४० हून अधिक देशांत विचारणा केली, तेव्हा लस सुरक्षित असते असे मानणाऱ्यांचे प्रमाण दक्षिण आशियात ९५ टक्के निघाले. लुई पाश्चरच्या फ्रान्समध्ये मात्र दर तिघांतला एक जण याच्या उलट मत देत होता. जानेवारी २०२५ मध्ये ‘नेचर ह्युमन बिहेवियर’ या नियतकालिकात ६८ देशांतल्या जवळपास ७२ हजार लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. वैज्ञानिकांवरच्या विश्वासात पाचपैकी सरासरी ३.६२ गुण मिळाले आणि इजिप्तखालोखाल भारत दुसऱ्या क्रमांकावर आला. आपल्याकडे लोकनीतीसारख्या अभ्यासगटांच्या पाहण्यांत सैन्य वर्षानुवर्षे वरच्या टोकाला दिसते आणि राजकीय पक्ष तळाशी. या चित्रात विज्ञानाची जागा चांगलीच वर आहे. मग काळजी कशाची, असे कुणीही विचारील.

काळजीचे कारण ६८ देशांच्या त्याच पाहणीत आहे. ती बहुतांशी ऑनलाइन झाली, म्हणजे आपल्या देशातला मोठा वर्ग तिच्या बाहेरच राहिला. शिवाय विश्वासाचे घटक सुटे करून विचारले तेव्हा जगभरचे चित्र बदलले. वैज्ञानिक आपल्या विषयात पारंगत असतात असे ७८ टक्के लोक म्हणाले, ते प्रामाणिक असतात असे ५७ टक्के म्हणाले आणि ते इतरांचे म्हणणे लक्षात घेतात असे म्हणणारे अवघे ४२ टक्के निघाले. लोकांना वैज्ञानिकांच्या ज्ञानाविषयी फारशी शंका नाही. ‘तुम्ही आमचे ऐकता का?’ हा त्यांचा प्रश्न आहे. पाहणीत ‘विश्वास आहे’ या रकान्यावर खूण करायला काही मोल द्यावे लागत नाही. स्वतःच्या तान्ह्या मुलाचा दंड सुईपुढे धरताना मात्र विश्वासाचे मोल द्यावे लागते. त्या क्षणी समोर ‘विज्ञान’ नावाची अमूर्त गोष्ट नसते. समोर आरोग्यसेविका असते, महापालिकेची नोंदवही असते, मागच्या वेळी दवाखान्यात मिळालेल्या वागणुकीची आठवण असते.

हे सगळ्यात कडवटपणे शिकवणारे वर्ष म्हणजे १८९६. त्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्याच महिन्यात सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर, म्हणजे आजच्या कस्तुरबा रुग्णालयावर, हल्ला चढवला. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, त्याला मारून त्याच्या देहातून मोमियाई नावाचे औषध काढतात, अशी अफवा शहरभर होती. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला, मार्चमध्ये ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या हाताखाली प्लेग समिती बसली आणि शिपायांच्या तुकड्या चाळींत शिरू लागल्या. आजारी माणूस शोधून उचलायचा, घरातल्यांना विलगीकरण छावणीत न्यायचे, सामान जाळायचे, ऊन आत यावे म्हणून छपराची कौले उतरवायची, भिंतीवर ‘यू. एच. एच.’ अशी अक्षरे रंगवून खोली राहण्यास अयोग्य ठरवायची. लोक आजाराइतकेच या बंदोबस्ताला भ्याले. लाखोंनी मुंबई सोडली. गिरणगावातली माणसे कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांना गेली, आणि त्यांच्या पाठोपाठ रोगही गेला. पुण्यात याच पद्धतीच्या कारवाईतून २२ जून १८९७ ला प्लेग अधिकारी रँडवर प्राणघातक हल्ला झाला.

या काळाचे वर्णन ‘अडाणी जनता विरुद्ध आधुनिक विज्ञान’ असे करण्याची सवय आपल्याला आहे, आणि ती चुकीची आहे. कारण त्या बंदोबस्तामागे जे विज्ञान असल्याचा दावा होता ते तेव्हा हाती आलेलेच नव्हते. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता, पण तो माणसापर्यंत कसा पोहोचतो हे कळले नव्हते. घाण, दमट हवा, रोग्याचा स्पर्श, त्याचे कपडे अशा अंदाजांवर घरे फोडली जात होती. उंदरावरची पिसू रोग पसरवते, हे पॉल-लुई सिमोंद या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये मांडले तेव्हा ते फारसे कुणी मनावर घेतले नाही. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत प्लेग संशोधन आयोगाने गिनिपिगांवर प्रयोग करून तेच पुराव्यानिशी सिद्ध केले. म्हणजे कौले उतरवणे, गाठोडी जाळणे आणि बायामाणसांची रस्त्यावर तपासणी करणे यांतल्या बऱ्याच गोष्टींचा प्लेग थांबवण्याशी संबंध नव्हता. सत्तेने विज्ञानाच्या नावावर, विज्ञानाला ठाऊक असल्यापेक्षा कितीतरी जास्त खात्री दाखवली. ज्यांनी त्या खात्रीवर विश्वास ठेवला नाही, त्यांची अफवा खोटी होती. त्यांचा अविश्वास मात्र बिनबुडाचा नव्हता.

त्याच शहरात, त्याच साथीत दुसरी वाटही चोखाळली गेली. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात काही महिन्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात, तयार असलेल्या कैद्यांना ती दिली. न टोचलेल्यांशी तुलना केली आणि निकाल लोकांसमोर ठेवला. कैद्याच्या संमतीला किती अर्थ असतो, हा प्रश्न आज आपण विचारू आणि तो विचारलाच पाहिजे. पण जबरदस्तीच्या त्या काळात विचारून टोचणे हेच वेगळेपण होते. आगाखान तिसरे यांनी आपल्या अनुयायांसमोर एकदा नव्हे, अनेकदा लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली खुश्रू लॉज ही वास्तू दिली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये आली आणि तिथून पुढच्या अडीच दशकांत लशीच्या कोट्यवधी मात्रा बाहेर गेल्या. मार्च १८९८ च्या दंगलीनंतर सरकारलाही बंदोबस्त सैल करावा लागला आणि निरनिराळ्या समाजांच्या स्वतःच्या रुग्णालयांना वाव द्यावा लागला. जंतू तोच होता, जनता तीच होती. बदलली ती विज्ञान घेऊन येणाऱ्याची रीत.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. चुका, अनिश्चितता, मतभेद उघड केले तर लोकांचा उरलासुरला विश्वासही उडेल, म्हणून साथीच्या काळात एकच ठाम सूर लावावा, असे प्रशासन आणि पुष्कळदा वैज्ञानिकही म्हणतात. मुलकोवालची घटना याला उत्तर देते. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या या गावात लसीकरण झाले आणि एकाच बाटलीतली लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने दगावले. चौकशीने ठपका परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला, हाफकिन यांना पदावरून दूर केले. वास्तविक बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. हा पुरावा कागदपत्रांत होता. तरी रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मधून आवाज उठवेपर्यंत हाफकिन यांच्या माथ्यावरचा डाग पुसला गेला नाही. दरम्यान पंजाबातली लसीकरणाची मोठी मोहीम कोलमडली होती. एका चिमट्याची चूक त्याच आठवड्यात जशीच्या तशी सांगितली असती, तर १९ मृत्यूंचे दुःख कमी झाले नसते, पण लशीवरचा संशय इतका पसरला नसता. विश्वासाला ग्रहण लागले ते चूक कबूल करून दुरुस्त करण्याऐवजी बळीचा बकरा शोधल्यामुळे. विज्ञान इतर संस्थांहून वेगळे असते ते नेमके इथे. त्यात एकमेकांच्या दाव्यांवर शंका घेणे हे कामाचा भाग असते. ती शंका झाकून ठेवणारे प्रशासन विज्ञानाचे बळच काढून घेते.

आर्थर रोडवरच्या हल्ल्यानंतर बरोबर तीस वर्षांनी, १९२६ मध्ये, त्याच गिरणगावात केईएम रुग्णालय आणि सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथले डॉक्टर आणि अध्यापक भारतीयच असतील, अशी देणगीदारांची अट होती. डॉ. जीवराज मेहता अधिष्ठाता झाले. ज्या वस्तीने रुग्णालयावर दगड टाकले, त्याच वस्तीची पुढची पिढी आजारी माणसाला आपण होऊन रुग्णालयात नेऊ लागली. या बदलाला औषधांची प्रगती कारण आहेच, पण दारात उभा असलेला माणूस आपली भाषा बोलतो, आपल्याला परत पाठवत नाही आणि वेळी-अवेळी नातेवाइकाला रुग्णापर्यंत जाऊ देतो, हेही तितकेच मोठे कारण आहे. आजही सकाळी केईएमच्या खिडकीवर केसपेपरसाठी रांग लागते. खिडकीतल्या माणसाने नाव, वय, पत्ता विचारून कुठल्या क्रमांकाच्या ओपीडीत जायचे ते नीट सांगितले, की निम्मी भीती तिथेच जाते. तो खेकसला, की पुढे कितीही नाणावलेला डॉक्टर बसलेला असो, मनात अढी बसते. पलीकडे १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा रुग्णालयासाठी बिहार-बंगालपासून माणसे येतात, कुणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहतात, कुणी नाना पालकर स्मृती समितीच्या आसऱ्याला, कुणी जागा न मिळाल्याने फुटपाथवर. त्यांनी कुठलीही प्रश्नावली भरलेली नसते. तरी इथे खरे निदान होईल आणि खिसा पाहून उपचार बदलणार नाही, एवढ्या भरवशावर त्यांनी शेत किंवा दागिने गहाण ठेवलेले असतात.

याच टापूतल्या इतर संस्थांशी हे ताडून पाहावे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. मान्यताप्राप्त संघटनेवरचा त्यांचा विश्वास त्याआधीच संपला होता, म्हणून ते डॉ. दत्ता सामंतांकडे गेले. नंतर मालकांवरचा विश्वास गेला, सरकारवरचाही गेला. गिरण्यांच्या जमिनीतला एक तृतीयांश वाटा घरांसाठी आणि एक तृतीयांश शहरासाठी, असे १९९१ च्या नियमावलीने सांगितले. २००१ च्या दुरुस्तीने तो हिशेब केवळ मोकळ्या जागेपुरता केला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. घरासाठी सोडतीकडे डोळे लावून बसलेल्या कामगाराचा न्यायावरचा भरवसा डळमळला, तर त्याला दोष कसा देणार? याच माणसाचा केईएमवरचा भरवसा टिकला, याचे कारण तो विज्ञाननिष्ठ होता आणि कायद्याला मानत नव्हता असे मुळीच नाही. रुग्णालयाने दिलेला शब्द त्याला डोळ्यांदेखत पडताळता येत होता. ताप उतरला की नाही, मूल वाचले की नाही, हे त्याच्या घरात कळत होते. विश्वास टिकतो तो अशा पडताळ्यावर. आणि म्हणूनच रुग्णालयांची हेळसांड झाली, खाटा अपुऱ्या पडल्या, औषधे बाहेरून आणायला सांगितले जाऊ लागले, की हा विश्वासही इतर संस्थांच्या वाटेने जाऊ शकतो.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा. नवसाच्या रांगेत तासन्‌तास उभे राहणाऱ्या लालबागमध्ये विज्ञानावरच्या विश्वासाच्या गोष्टी कशाला, असे म्हणणारे भेटतात. देवापुढे हात जोडणारी माणसे लशीपुढे हात आखडतात हा समज तपासून पाहिला पाहिजे. २०२० मध्ये करोनाच्या साथीत लालबागच्या राजाच्या मंडळाने १९३४ पासून चालत आलेल्या उत्सवात मूर्ती बसवली नाही आणि त्या जागी आरोग्योत्सव घेऊन रक्तदान व प्लाझ्मादान शिबिरे भरवली. त्याच वर्षी सप्टेंबरात शेजारच्या केईएममध्ये कोविशिल्डच्या चाचणीसाठी स्वयंसेवक पुढे आले. श्रद्धेच्या आड चालणारे शोषण आणि फसवणूक यांच्याशी झगडायलाच हवे, त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य वेचले, २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला आणि त्यानंतर महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. पण त्या लढाईचा रोख फसवणाऱ्यांवर होता. रांगेत उभ्या असलेल्या भाविकाला विज्ञानाचा शत्रू ठरवून आपण एक जवळचा माणूस विनाकारण दूर लोटतो.

तिसरा आक्षेप सगळ्यात गंभीर आहे. खोटी माहिती आता मोबाइलवरून क्षणात पसरते. मोमियाईच्या अफवेला तेव्हा दिवस लागले असतील, आज सेकंद लागतो. तेव्हा संस्थांनी कितीही चांगले वागावे, लोक भरकटणारच, असे काही जण म्हणतात. अफवेचा वेग वाढला आहे यात वाद नाही. पण अफवा रुजते कुठे, हे पाहा. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवरची साथ आली, मुले दगावली, आणि तिचा जोर गोवंडीत होता. करोनाच्या काळात नेहमीचे लसीकरण मागे पडलेली, आरोग्यसेवा अपुरी असलेली ती वस्ती आहे. जिथे सरकार एरवी वर्षभर दिसत नाही, तिथे ते सुई घेऊन अचानक आले तर लोक दार लावून घेतात. जानेवारी २०२१ मध्ये कोव्हॅक्सिनला तिसऱ्या टप्प्याच्या परिणामकारकतेची आकडेवारी येण्याआधी मंजुरी मिळाली, तेव्हा दिल्लीतल्या राम मनोहर लोहिया रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांनीच दुसरी लस मागितली. डॉक्टर काही अफवांना भुलले नव्हते. पुरावा दाखवा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मार्चमध्ये आकडे आले आणि बरीचशी शंका विरली. त्याच वर्षी मे महिन्यात कांदिवलीतल्या एका गृहसंकुलात बनावट लसीकरण शिबिर झाले आणि शहरभर असे दोन हजारांवर लोक फसल्याचे उघड झाले. या लोकांनी पदरचे पैसे मोजून लस घेतली होती, म्हणजे विज्ञानावरचा त्यांचा विश्वास पुरेपूर होता. कमी पडली ती देखरेख.

या सगळ्यातून निघणारा निष्कर्ष सरळ आहे. विज्ञानावरचा विश्वास वाढवायचा म्हणजे लोकांना आणखी व्याख्याने द्यायची, असे आपण समजत आलो. विज्ञानप्रसार हवाच, मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून तो निष्ठेने करते आहे. पण ‘लोकांना कळत नाही’ ही तक्रार करण्याआधी संस्थांनी आपले दार उघडे आहे का ते पाहावे. महापालिकेने प्रत्येक प्रभागातली साथीची आकडेवारी आणि लसीकरणाची स्थिती मराठीत, नियमितपणे आणि वाईट असली तरी प्रसिद्ध करावी. लशीनंतर त्रास झालेल्या प्रत्येक तक्रारीची चौकशी ठरलेल्या मुदतीत व्हावी आणि तिचा निकाल त्या कुटुंबाला आधी कळावा. औषधांच्या चाचण्यांना मंजुरी कोणत्या पुराव्यावर दिली, हे मंजुरीच्या दिवशीच लोकांपुढे यावे. ‘अजून माहीत नाही’ हे वाक्य अधिकाऱ्याने न कचरता उच्चारावे, कारण १८९७ मध्ये ते उच्चारले असते तर कित्येक घरांची कौले जागेवर राहिली असती. हाफकिनसारख्या सार्वजनिक संस्थांना संशोधनासाठी आणि उत्पादनासाठी पुरेसा पैसा व मनुष्यबळ मिळावे, म्हणजे लस ही आपल्या मालकीच्या संस्थेतून आलेली गोष्ट राहील. आणि वैद्यकीय शिक्षणात रोग्याचे म्हणणे ऐकून घेण्याला परीक्षेतल्या इतर विषयांइतके वजन यावे.

सर्वेक्षणातला दुसरा क्रमांक ही या देशातल्या सामान्य माणसाने विज्ञानाला दिलेली मोठी उधारी आहे. आपल्या ओळखीच्या इतर अनेक संस्थांनी अशी उधारी कधीच बुडवली आहे. विज्ञान घेऊन लोकांपर्यंत जाणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने, डॉक्टरने, संशोधकाने आणि खिडकीत बसलेल्या कारकुनाने ती फेडायची आहे, आणि नागरिकांनीही विश्वास ठेवताना पुरावा मागण्याचा हक्क सोडता कामा नये. प्रश्न विचारणाऱ्या माणसाला विज्ञानविरोधी म्हणणे आधी थांबवा. त्याला उत्तर देणे हेच विज्ञानाचे काम आहे.